राहिलेल्यांची वही

आमच्या घरात सकाळ सुयांच्या आवाजाने होत असे. चुलीवर जर्मनच्या पातेल्यात पाणी उकळत असे आणि तळाशी सुया नाचत असत. बारीक, घाईचा, एकसारखा आवाज. ते पातेलं वेगळं ओळखू यावं म्हणून मायने त्याच्या काठावर खिळ्याने फुली कोरली होती. कुणी चुकून ते पाण्यासाठी उचललंच तर ती हातातून हिसकावून घेई. सुया उतरल्या की त्याच चुलीवर वरण चढे आणि थोड्या वेळाने लसूण-जिऱ्याची फोडणी चुरचुरे. या दोन आवाजांच्या मधल्या वेळात बाबा दाढी उरकत, सायकलची हवा पाहत आणि पिशवी भरत. फोडणी ऐकू आली की जेवायला बसायचं, हे वेगळं सांगावं लागत नसे. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि भुरका, म्हणजे तेलात परतलेलं लाल तिखट आणि लसूण. भुरका नसला तर बाबांना जेवल्यासारखं वाटत नसे.

बाबा आरोग्य खात्यात देवीची लस टोचण्याच्या कामावर होते. कागदावर त्यांचं नाव किसनराव. रिसोडच्या रस्त्यावरच्या ज्या दीड डझन गावांत ते सायकलने फिरत, तिथे मात्र त्यांना सगळे देवी डॉक्टर म्हणत. शिक्षण सातवी. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आमचे सगळे कागद अकोल्याच्या नावाने जात. आमचं घर बौद्धवस्तीत होतं. टिनाचं छप्पर, एक खोली, पुढे अंगण. माझ्या जन्माच्या आधीच घरातले देव गेले होते आणि भिंतीवर बुद्धाची एक तसबीर होती. त्यामुळे घरात बाबा ‘तो रोग’ असं म्हणत आणि घराबाहेर पडले की ‘देवी’ म्हणत. दोन्ही शब्द ते सहज बोलत. मायला ते जमत नसे. तिची एक बहीण लहानपणी या रोगाने गेली होती आणि त्या दिवसांचं ती क्वचितच बोले. बोलली की नेहमी तेच सांगे. घरात देवी आली म्हणून कढई उलटी ठेवली, तेलाचा चटका देवीला सोसत नाही म्हणून फोडणी बंद, केस विंचरायचे नाहीत, चपला अंगणाबाहेर, दाराला कडुनिंबाची डहाळी. “आठ-धा दिवस घरात आवाजच नव्हता,” असं म्हणून ती थांबे.

बाबांना त्यांच्या डायरीचा अभिमान होता. रोज संध्याकाळी हातपाय धुतले की ते ट्रंकेवर डायरी ठेवून लिहायला बसत. गाव, तारीख, टोचलेल्यांची नावं, शेवटी बेरीज. बेरजेखाली दोन रेघा. तालुक्यात त्यांची बेरीज सगळ्यांत मोठी असे आणि त्याबद्दल त्यांना एकदा कौतुकाचं पत्रही मिळालं होतं. ते पत्र तसबिरीच्या मागे खोचून ठेवलेलं होतं. जेवताना बाबा आकडा सांगत आणि माय “हं” म्हणे. जास्त आकड्याच्या दिवशी ते भुरका दुसऱ्यांदा मागून घेत.

मी सातवी संपवण्याच्या सुमारास राऊतसाहेब नावाचे नवे निरीक्षक आले. उंच, सावळे, कमी बोलणारे. पहिल्याच फेरीत ते आमच्या अंगणात बाजेवर बसले आणि त्यांनी जुन्या-नव्या चार डायऱ्या मागून घेतल्या. बाबा समोर उभे राहिले. मी भिंतीशी ज्वारी पाखडत होते. बराच वेळ फक्त पानं उलटल्याचा आणि सुपाचा आवाज होता.

“अक्षर चांगलं हाय तुमचं, किसनराव.”

“हो साहेब.”

“हे सुमन कोन?”

“माही पोरगी.”

“चौथीत टोचली. पाचवीत टोचली. साहावीत टोचली. सातवीत बी टोचली. बोलवा तिले.”

मी सूप ठेवून गेले. त्यांनी माझी बाही वर सारायला सांगितली. दंडावर चार वण होते, एकाखाली एक. ते त्यांनी बोट न लावता मोजले.

“आता आठवीत कुठं टोचसान? पाठीवर?”

बाबा हसले. साहेब हसले नाहीत, म्हणून बाबांनीही हसू आवरलं.

“शाळेत पोरं रांगेत उभे भेटतात. म्हणून तुमची डायरी भरते. थेच पोरं, थेच हात, दरसाल. घरी कोन राह्यलं?”

“कोनी नाही साहेब. गाव झालं.”

“वहिनीले टोचली?”

बाबांनी आत पाहिलं. तेवढ्यात माय चहाच्या कपबशा घेऊन उंबऱ्यात आली होती. तिने प्रश्न ऐकला होता.

“मले कोनी इचारलंच नाही,” ती म्हणाली.

ती काही तक्रार करत नव्हती. विचारलं म्हणून तिने सांगितलं. पण बाबांची मान त्या वाक्याने जशी खाली गेली, तशी ती कुठल्याही साहेबाच्या बोलण्याने गेलेली मी पुढे कधी पाहिली नाही. राऊतसाहेबांनी बशीत चहा ओतला आणि डायऱ्या बंद केल्या.

“सरकारनं तुमाले सुया मारायले ठेवलं नाही, किसनराव. ह्या गावाईत एकाही मानसाले देवी निंगू नये, याच्यासाठी ठेवलं हाय. एकही सुई न मारता थे झालं, तं मी तुमची पाठ थोपटीन. हजार मारल्या अन् एक मानूस गेलं, तं काम झालं नाही.”

“मंग रोज लिहू काय साहेब?”

“कोन राह्यलं, थे लिहा.”

मायला त्याच दिवशी अंगणात लस टोचली. टोचताना तिने मान दुसरीकडे वळवली होती आणि उजव्या हातात रिकाम्या कपबशा तशाच धरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाबांनी तपकिरी पुठ्ठ्याची एक वही आणली. मी तिच्यावर रेघा आखून दिल्या. प्रत्येक गावाला पानं, आणि पानावर फक्त राहिलेल्यांची नावं. एखाद्याला टोचलं की त्याचं नाव खोडायचं. टोचल्याशिवाय खोडायचं नाही, असा नियम त्यांनी पहिल्या पानावर लिहून ठेवला. पान पूर्ण खोडून झालं की गाव झालं. मला त्या वयात याचं नवल वाटलं होतं, कारण शाळेत खाडाखोड केली की गुरुजी वही फेकून देत.

राहिलेले कोण, हे शोधायला त्यांना शाळेपासून दूर जावं लागलं. शेतातल्या झोपडीवर राहणारा म्हातारा. शेळ्यांमागे गेलेली मुलं. नुकतीच लग्न होऊन आलेली सून, जी माहेरच्या गावाने सासरी धरली होती आणि सासरच्या गावाने माहेरी. बाजाराच्या दिवशी बैलगाडीखाली झोपलेला गडी. बाबा दिवसभर फिरत आणि संध्याकाळी दोन नावं खोडत, कधी एकच. केंद्रावर बाकीचे त्यांची थट्टा करत. “किसनराव, सकाळपासून दोनच हात? बाकीचे का दवाखान्यात इसरले?” असं एकजण म्हणाल्याचं त्यांनीच घरी सांगितलं. सांगताना ते हसले, पण त्या काळात जेवताना बोलायला त्यांच्याजवळ काही नसे. सांगायला आकडा नव्हता. माय स्वतःहून विचारी, “आज कोन गावलं?” मग ते एखाद्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगत.

पुढे मी वर्तमानपत्रात बातम्या लिहिण्याचं काम केलं. तिथेही संध्याकाळी किती बातम्या दिल्या हेच विचारलं जाई. मी मात्र घरी जाण्याआधी कागदाच्या एका तुकड्यावर, आज कोणाला विचारायचं राहिलं, त्यांची नावं लिहीत असे. सहकाऱ्यांना ही माझी शिस्त वाटे. ती कुठून आली हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्या गावाच्या ओढ्यापलीकडे माळ्यांची आठ-दहा घरं होती. विहिरी, पाट, वांग्याचे आणि कोथिंबिरीचे वाफे. गावाचा आणि जवळच्या बाजारांचा भाजीपाला तिथून जाई. त्यांतलं एक घर सोनाबाईचं. आम्ही मुलं तिला सोनामावशी म्हणत असू. तिच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे वण होते. तिची थोरली कमल माझ्यापेक्षा वर्षाने लहान, दुसरीनंतर शाळा सुटलेली. धाकटी छबी तिच्यापेक्षा दीड वर्षाने लहान. दोघी सारख्याच बारीक. कमल आणि मी ओढ्यावर एकाच दगडावर कपडे धूत असू.

बाबा त्या वस्तीत वर्षानुवर्षं जात, पण कुठल्याही उंबऱ्याच्या आत गेले नव्हते. कुणी अडवलं असं नाही. कुणी या म्हटलं नाही. सोनामावशीच्या दाराला गोणपाटाचा पडदा होता. पडद्याच्या बाजूने दंडापर्यंत हात बाहेर येई, बाबा टोचत, हात आत जाई. ही पद्धत दोन्ही बाजूंनी न बोलता ठरली होती आणि नव्या वहीच्या दिवसांतही ती तशीच राहिली.

माघ संपत आला तेव्हा आमच्या गावच्या पानावर दोनच नावं उरली होती, कमल आणि छबी. बाबा सकाळीच वस्तीत गेले. एक हात बाहेर आला, तो टोचला. मग दुसरा आला, हिरव्या बांगड्यांचा, तोही टोचला. त्या संध्याकाळी त्यांनी दोन्ही नावांवर रेघ मारली आणि पान मायला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण खोडलेलं पान कळायला वाचता यावं लागत नाही.

“आपलं गाव झालं,” ते म्हणाले. आणि किती तरी महिन्यांनी त्यांनी भुरका दुसऱ्यांदा मागितला.

चौथ्या दिवशी ओढ्यावर कमलने बाह्या वर सारल्या तेव्हा मला तिच्या दोन्ही दंडांवर लशीच्या खुणा दिसल्या.

“दोनी हातावर काहून व?”

“एक माहा, एक छबीचा.”

“म्हंजे?”

“तिले ताप होता. माय म्हने, तापात सुई नोको. मंग मी तिच्या बांगड्या घातल्या अन् हात देल्ला. तुह्या बाले समजलंच नाही!”

आम्ही इतक्या हसलो की मायचं लुगडं पाण्याला लागलं आणि ते धरायला मला ओढ्यात धावावं लागलं. हसण्यासारखं होतंच ते. घरी जाताना मी ठरवलं की हे सांगायचं नाही. कमलला वाचवावं, हे कारण नव्हतं. बाबांनी ज्या चवीने तो भुरका खाल्ला होता, ती मला मोडायची नव्हती. त्या वयात मी एवढाच विचार केला. नंतरच्या वयात तो पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि त्यात भर घालण्यासारखं काही सापडलं नाही.

पुढे पंधरा दिवस गेले. त्यांतल्या सुरुवातीच्याच दिवसांत कमलचा मामा तिच्या घरी राहून गेला. बाजाराच्या आदल्या दिवशी मायने मला वांगी आणि कोथिंबीर आणायला वस्तीत पाठवलं. दिवस मावळायला वेळ होता, पण चुली पेटल्या होत्या. वाटेवरच्या तीनही घरांतून फोडणीचा वास आला. सोनामावशीच्या छपरातून धूर निघत होता, म्हणजे चूल पेटलेली होती. पण वास नव्हता आणि आवाजही नव्हता. मी कुंपणाशी थांबले. चपला कुंपणाबाहेर ओळीने काढलेल्या होत्या. दारावर कडुनिंबाची डहाळी होती. कमल बाहेर आली ती मोकळ्या, तेल न लावलेल्या केसांनी, आणि वाफ्यापलीकडेच उभी राहिली.

“आज भाजी नाही.”

“वांगे तं दिसून राह्यले.”

“तोडाचे नाहीत.”

“छबी कुठी हाय?”

“मामाकडे गेली.”

“मामाच तं आला होता ना तुमच्याकडे?”

“तवा आला होता. आता हे गेली.” ती माझ्याकडे पाहत नव्हती. “तू जा ना व.”

तेवढ्यात आतून कुणीतरी “माय, पानी” म्हणालं. आवाज बसलेला होता, पण छबीचा होता. मामाकडे गेलेल्या मुलीचा आवाज घरातून येत नाही. मी वळले आणि ओढा उतरून घरी आले.

बाबा ट्रंकेवर साप्ताहिक अहवाल लिहीत होते. ज्या आठवड्यात रोगी सापडला नाही त्या आठवड्यात गावापुढे ‘निरंक’ असा एक शब्द लिहायचा आणि सकाळच्या पहिल्या एसटीने कागद तालुक्याला पाठवायचा, अशी रीत होती. आमच्या गावापुढे तो शब्द लिहून झाला होता. माय चुलीपाशी होती. तिने गरम तेलात लसूण टाकला, तो चुरचुरला, आणि तो आवाज कानावर पडल्याबरोबर मी सगळं सांगितलं. आधी फोडणीचं, मग डहाळीचं, मग आवाजाचं, आणि शेवटी बांगड्यांचं.

बाबांनी टाक खाली ठेवला.

“दोनी हात कमलचेच?”

“हो.”

“तुले कवापासून माईत हाय?”

“टोचल्याच्या चौथ्या दिवसापासून.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. ओरडले नाहीत, हात उगारला नाही. तसं काही झालं असतं तर हे लिहिणं मला सोपं गेलं असतं. पंधरा दिवस म्हणजे काय, हे आमच्या घरात त्यांना एकट्यालाच नीट माहीत होतं. लागण झाल्यापासून अंगावर फोड दिसेपर्यंत साधारण तेवढेच दिवस जातात. मामा येऊन गेला होता तेव्हा छबीचा ताप उतरलेला होता आणि पिशवीत लस होती.

माय कढई उतरवून उठली. “आयकलं का,” ती हळू आवाजात म्हणाली, “कागद तं लिहून झाला. पोरगी म्हनते तसं नसन तं? कांजन्या असतीन. अन् तुमीच लिहान का माहा अहवाल खोटा, तं थे तुमाले घरी बसोतीन.”

“बसोतीन.”

“मंग?”

“कोन राह्यलं थे लिहाचं हाय.”

त्यांनी ‘निरंक’वर रेघ मारली आणि शेजारी छबीचं नाव, वय आणि ‘संशयित’ असं लिहिलं. मग तपकिरी वही काढली, आमच्या गावचं पान उघडलं आणि सगळ्या खोडलेल्या नावांच्या खाली, शेवटच्या ओळीवर, तिचं नाव पुन्हा लिहिलं. पिशवी घेतली आणि निघाले. मायने चुलीतली लाकडं मागे ओढली, डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्यामागून गेली. मला कुणी बोलावलं नाही, पण परतही पाठवलं नाही.

सोनामावशी दारातच उभी होती. कमलने सांगितलं असावं.

“डॉक्टर, तिथूनच बोला. देवी आली हाय घरात.”

“सोनाबाई, आज हात नाही पायजे,” बाबा म्हणाले. “तोंड पाहाचं हाय.”

“पायलं मी. पाच-सा दिवसानं उतरते. आमाले आली होती, उतरली. तुमी सुई मारसान अन् तिचा कोप होईन.”

“सुई नाही मारत. आता सुईचा फायदा नाही तिले.”

हे ऐकून सोनामावशीचा चेहरा बदलला. सुई मारायला आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं, हे तिला माहीत होतं. या माणसाला कसं पाठवायचं ते माहीत नव्हतं. बाबांनी कुंपणाशी चपला काढल्या आणि त्यांच्या चपलांच्या ओळीत ठेवल्या. या गोष्टींवर विश्वास नसताना त्यांनी चपला का काढल्या, हे मी पुढे एकदा विचारलं. “घर तिचं हाय,” एवढंच ते म्हणाले. अनवाणी चालत ते उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथे थांबले. तिथून पुढचं पाऊल त्यांनी टाकलं नाही. ते वाट पाहत उभे राहिले.

मग माय पुढे झाली. “सोना, माही बहीन अशीच गेली. सारे अंगनातूनच पाहून गेले. आत कोनीच आलं नाही.”

सोनामावशीने गोणपाटाचा पडदा एका हाताने बाजूला धरला आणि धरूनच ठेवला.

आत गोधडीवर छबी होती. चेहरा, तळहात, तळपाय फोडांनी भरले होते. बाबांच्या पिशवीत खात्याने दिलेलं एक चित्र असे, देवी निघालेल्या मुलाचं, ओळख पटावी म्हणून. त्यांनी ते अर्धं बाहेर काढलं आणि न पाहता परत ठेवलं. मग ते जमिनीवर बसले. छबीने त्यांना ओळखलं. “देवी डॉक्टर,” ती म्हणाली आणि दोन्ही हात गोधडीत लपवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी राऊतसाहेब जीप घेऊन आले. घराबाहेर दोन माणसं पाळीपाळीने बसवली, आत-बाहेर कुणी जाऊ नये म्हणून. वस्ती आणि गाव पुन्हा टोचायचं ठरलं. या वेळी बाबा प्रत्येक घरात आत गेले. प्रत्येकाला उजेडात उभं करून तोंड पाहायचं, नाव विचारायचं, मग दंड. काही घरांत बायकांनी नंतर उंबरा धुतला. बाबांनी ते पाहिलं आणि वहीत पुढचं नाव पाहिलं. मामाचं गाव शोधून तिकडे निरोप गेला. माझी माय मात्र त्या घरात जाऊन बसे; तिला टोचलेलं होतं आणि साहेबांनी परवानगी दिली होती. ती सोनामावशीबरोबर बसून छबीला पाणी पाजी, कडुनिंबाच्या पाल्याने माश्या वारी. दोघी देवीबद्दल बोलत नसत.

अकराव्या दिवशी दुपारी छबी गेली. माय घरी आली, चुलीपाशी बसली आणि त्या दिवशी आमच्याही घरात फोडणी पडली नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं.

खात्याने बाबांकडे लेखी खुलासा मागितला. टोचल्याची नोंद असलेल्या मुलीला रोग कसा झाला? त्यांनी फुलस्केप कागद घेतला आणि बराच वेळ बसून एकच वाक्य लिहिलं: ‘मी हात पाहिला, चेहरा पाहिला नाही.’ त्यात कमलचं नाव नव्हतं, सोनाबाईचं नव्हतं, माझंही नव्हतं. मी अनेक वर्षं इतरांची वाक्यं कापून लहान केली आहेत. त्या वाक्यातून काढण्यासारखं मला काही दिसत नाही.

त्यानंतर सहा आठवडे वाट पाहायची होती. तेवढ्या काळात दुसरा रोगी निघाला नाही तर साखळी तुटली असं धरत. बाबा रोज सकाळी गाव आणि वस्ती फिरत. टोचायला कुणी उरलं नव्हतं. ते फक्त दारादारांत जाऊन सगळे आहेत ना पाहत. कुणाला ताप असेल तर दोनदा जात. आणि चुली पेटायच्या वेळी पुन्हा एक फेरी, सायकल हातात धरून, पायी. ही फेरी खात्याने सांगितलेली नव्हती. ते कशासाठी जात, हे मायला आणि मला माहीत होतं. वस्तीची भाजी त्या काळात कुणी घेत नव्हतं. माय तिथूनच घेई आणि चार बायका पाहतील अशी टोपली कडेवर घेऊन गावातून येई.

एका संध्याकाळी मी बाबांबरोबर होते. सोनामावशीच्या कुंपणापाशी त्यांनी सायकल एकदम थांबवली. आतून तेलात काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग मोहरीचा, मग लसणाचा वास. बाबा सायकलच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. सोनामावशीने बाहेर येऊन आम्हाला पाहिलं. तिने या म्हटलं नाही. आत गेली, आणि कमलच्या हाती चार वांगी पाठवली. कमलने ती माझ्या ओढणीत टाकली. आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. पुढेही आम्ही ओढ्यावर भेटत राहिलो, पण त्या दगडावर मग आळीपाळीने बसत असू.

सहा आठवडे झाले. दुसरा रोगी निघाला नाही, आमच्या गावात नाही आणि शेजारच्या कुठल्याही गावात नाही. राऊतसाहेब आले, त्याच बाजेवर बसले आणि त्यांनी तपकिरी वही पानापानाने तपासली. आमच्या गावच्या पानावर ते थांबले.

“किसनराव, हे खोडाचं राह्यलं.”

“नाही साहेब.”

“पोरगी गेली ना. मंग राह्यलेल्याईत कशी धरता? अहवाल तं निरंक चालला.”

“अहवाल निरंक हाय साहेब. वहीचा कायदा येगळा हाय. टोचलं तं खोडाचं. इले टोचलं नाही.”

साहेबांनी पहिलं पान उघडून तो नियम वाचला. मग वही मिटली आणि दोन्ही हातांनी परत दिली. पाठ थोपटण्याचं त्यांनी एकदा म्हटलं होतं. ते त्यांना आठवलं असावं, कारण उठताना त्यांचा हात थोडा वर झाला होता. तो त्यांनी परत खाली घेतला.

बाबांना काढून टाकलं नाही. काही वर्षांनी तो रोगच संपला आणि ते ज्या कामावर होते ते काम उरलं नाही. त्यांना दुसरीकडे घेतलं. ते गेले त्यालाही आता बराच काळ झाला. मागच्या उन्हाळ्यात माझी नात माझ्या दंडावरचे चार वण बोटाने मोजत होती आणि हे काय आहे असं तिने विचारलं. तिच्या दंडावर देवीच्या लशीचा वण नाही आणि तिच्या वर्गातल्या कुणाच्याही नाही. मी तिला वही दाखवली. पाच गावं तिने स्वतः वाचली, पुढे तिला कंटाळा आला. सगळी खोडलेली नावं वाचायला अवघडच जातात. आमच्या गावच्या पानाशी मात्र ती थांबली, कारण तिथली शेवटची ओळ स्पष्ट वाचता येते.

“ही कोण?” तिने विचारलं.

“ही राहिली,” मी म्हणाले.